जिंकणाऱ्या फिलीचा मागोवा

एखादी फिली, म्हणजे पाच वर्षांच्या आतली घोडी, आपल्या बरोबरीच्या फिलींनाच नव्हे तर नामांकित नरांनाही खुल्या शर्यतीत मागे टाकू लागली, म्हणजे तिच्या चाहत्यांच्या मंडळीत एकाच प्रश्नाची चर्चा अहोरात्र सुरू होते, आणि तो प्रश्न म्हणजे ती आता पुढे कोठे धावणार हा होय. नराच्या बाबतीत ही उत्सुकता बेताचीच असते, कारण त्याच्या मोसमाचा मार्ग बहुधा आधीच मुक्रर झालेला असतो. फिलीपुढे मात्र केवळ फिलींसाठी राखलेल्या शर्यतींची एक वाट आणि सर्वांना खुल्या असलेल्या शर्यतींची दुसरी, अशा दोन वाटा सतत असतात, आणि त्यांपैकी कोणती धरायची याचा निर्णय मालक, ट्रेनर आणि खुद्द घोडीचे पाय अशा तिघांच्या मसलतीने होतो. या तिघांपैकी मालक सर्वांत अधिक बोलतो, ट्रेनर मोजके बोलतो आणि पाय मुळीच बोलत नाहीत. आणि चाहत्याची सर्वसाधारण चूक अशी की तो याच क्रमाने त्यांच्यावर विश्वास ठेवतो. प्रस्तुत लेखात हा क्रम उलटा कसा करावा, हे सांगण्याचा इरादा आहे.

उदाहरणासाठी मी अमेरिकेतील रेचल अलेक्झांड्रा या फिलीची कारकीर्द घेतो, कारण ती आरंभापासून अखेरपर्यंत सार्वजनिक नोंदींत उपलब्ध आहे आणि बेत आखणे, ते मोडणे, पुन्हा आखणे या सर्व प्रकारांचे दाखले तीत ठासून भरलेले आहेत. ही घोडी २९ जानेवारी २००६ रोजी केंटकी संस्थानात जन्मली. बाप मेडालिया डोरो, आई लोटा किम. १९ शर्यती, १३ विजय, पाच वेळा दुसरा क्रमांक आणि पस्तीस लाख डॉलरांहून अधिक कमाई, एवढा तिचा गोषवारा कोणत्याही कोशात मिळेल. पण गोषवाऱ्याने माग लागत नाही.

माग ठेवण्यासाठी एक वही करावी आणि तिच्यात पहिल्या शर्यतीपासून प्रत्येक धाव टिपावी, मग ती धाव कितीही सामान्य असो. रेचल आपल्या पहिल्या शर्यतीत पहिल्या तिघांतही नव्हती, आणि दोन वर्षांची असतानाच्या सहा शर्यतींपैकी तिने तीनच जिंकल्या होत्या. पुढे जे तेज दिसले त्याचे मोल समजायचे तर हा मंद आरंभ वहीत असलाच पाहिजे. तारीख, मैदान, अंतर, जमीन, पाठीवरचे वजन, जॉकी, क्रमांक आणि पहिल्या-दुसऱ्यातील फरक हे रकाने सर्वजण आखतात. त्यांच्या शेवटी आणखी एक रकाना आखावा, आणि त्यात मागील शर्यतीपासून गेलेले दिवस लिहावेत. माझ्या मते सबंध वहीत हाच रकाना सर्वांत बोलका ठरतो.

रेचलच्या २००९ सालच्या मोसमाचे उत्तरार्धातील आकडे पाहावेत. १ मे रोजी केंटकी ओक्स, त्यानंतर १५ दिवसांनी प्रीकनेस, त्यानंतर ४२ दिवसांनी मदर गूस, ३६ दिवसांनी हॅस्केल आणि ३४ दिवसांनी, ५ सप्टेंबरला, वुडवर्ड. पंधरा दिवसांचा तो एक अपवाद सोडला तर पाच ते सहा आठवड्यांचा शिरस्ता स्पष्ट दिसतो, आणि ज्याने पंधरा दिवसांचा तो अपवाद वेळीच टिपला होता त्याला ६ जूनच्या बेलमाँट शर्यतीत ती उतरेल की नाही यावर वाद घालत बसण्याचे विशेष कारण नव्हते. ओक्सनंतर पंधरा दिवसांत प्रीकनेस आणि प्रीकनेसनंतर तीन आठवड्यांत दीड मैलांची बेलमाँट, हा भार तिच्यावर घातला जाणे कठीणच होते. तो घातला गेला नाही आणि तिला विश्रांती देण्यात आली. वर्तमानपत्रांतून मात्र तोपर्यंत पुष्कळ शाई खर्ची पडली होती.

आता फरकाच्या रकान्याविषयी. केंटकी ओक्स तिने सव्वावीस लेंग्थनी (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकली, मदर गूस सव्वाएकोणीस लेंग्थनी, हॅस्केल सहा लेंग्थनी, प्रीकनेस एका लेंग्थने आणि वुडवर्ड केवळ डोक्याच्या अंतराने. नवखा चाहता या यादीवरून असा निष्कर्ष काढील की घोडीचा जोर उत्तरोत्तर ओसरत गेला. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ओक्समध्ये तिच्यासमोर तिच्याच वयाच्या फिली होत्या, आणि मदर गूसला तर तिच्यासह तीनच घोड्या उतरल्या होत्या. प्रीकनेसमध्ये केंटकी डर्बीचा विजेता माइन दॅट बर्ड तिच्या मागावर होता, हॅस्केलमध्ये बेलमाँटचा विजेता समर बर्ड दुसरा आला, आणि वुडवर्डमध्ये तिने आपल्याहून वयाने मोठ्या, पूर्ण वाढीच्या नरांशी सामना दिला. वुडवर्ड ही शर्यत १९५४ पासून चालत आलेली आहे आणि तोपर्यंत एकाही मादीने ती जिंकलेली नव्हती. त्या अर्थाने डोक्याएवढा तो फरक वीस लेंग्थच्या फरकाहून भारी ठरतो. म्हणून फरकाच्या शेजारी दुसऱ्या क्रमांकाच्या घोड्याचे नाव, आणि त्या घोड्याने आधी व नंतर काय जिंकले, हे लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

एवढे झाल्यावर चाहत्याने ज्याकडे वळावे, आणि तो सहसा वळत नाही, तो भाग म्हणजे शर्यतीच्या अटी. प्रत्येक मोठ्या शर्यतीचा एक जाहीरनामा असतो, त्यात कोणत्या वयाचे व लिंगाचे घोडे पात्र आहेत, किती वजन घ्यावयाचे, नावनोंदणी कोणत्या मुदतीत करावयाची, मुदत टळल्यास जबर शुल्क भरून प्रवेशाची मुभा आहे की नाही, आणि उमेदवार जास्त झाल्यास कोणाला प्राधान्य, या सर्व बाबी कलमवार नमूद असतात. हे वाचन रुक्ष खरे, पण घोडीचा भविष्यकाळ मुलाखतींपेक्षा या रुक्ष कलमांत अधिक लिहिलेला असतो.

रेचलच्या प्रीकनेसची हकीकत या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. तिचे मूळ मालक डॉल्फस मॉरिसन यांचे मत असे होते की फिलींनी फिलींबरोबरच धावावे, आणि त्यामुळे डर्बी, प्रीकनेस व बेलमाँट या त्रयीसाठी तिचे नाव मुळातच नोंदलेले नव्हते. ओक्सनंतर अवघ्या काही दिवसांत जेस जॅक्सन यांनी हॅरॉल्ड मॅकॉर्मिक यांच्या भागीदारीत ती विकत घेतली, हॅल विगिन्स यांच्या तबेल्यातून तिला स्टीव्ह अस्मुसेन यांच्याकडे नेले, आणि प्रीकनेसचा बेत जाहीर केला. मालक बदलला की बेत बदलतो, हे येथे ध्यानी धरावे. पण नाव नोंदलेले नसल्याने एक लाख डॉलरांचे जादा शुल्क भरावे लागणार होते, आणि त्याहून अडचणीची गोष्ट अशी की मैदानात चौदाच घोड्यांना जागा होती व मुदतीत नोंदलेल्यांचा हक्क आधी होता. प्रतिस्पर्धी मालकांपैकी काहींनी आपले जादा घोडे नोंदवून सर्व जागा भरून टाकाव्यात आणि तिला दाराबाहेर ठेवावे, अशी मसलत त्या आठवड्यात खरोखरच चालली होती. लोकांनी नावे ठेवल्यावर ती सोडून देण्यात आली. ज्याने अटी वाचल्या होत्या त्याला हा सारा प्रकार दिसण्यापूर्वीच कळू शकत होता, आणि ज्याने त्या वाचल्या नव्हत्या तो घोडी धावणार की नाही या एकाच प्रश्नावर हवेत तर्क लढवत होता.

शेवटी ती धावली, आणि तेही तेराव्या फाटकातून, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या टोकावरून. १९२४ साली नेली मॉर्सने जिंकल्यानंतर ८५ वर्षांनी प्रीकनेस एका फिलीने जिंकली. तिच्या पाठीवर १२१ पौंड होते आणि नरांच्या पाठीवर १२६. ही पाच पौंडांची, म्हणजे सुमारे सव्वादोन किलोंची सूट फिलींना नियमानेच मिळते, तेव्हा तिच्या विजयात ती मेहेरबानी होती असे म्हणणाऱ्यांकडे लक्ष देण्याचे कारण नाही. जॉकीच्या रकान्यातही त्या दिवशी एक अपूर्व नोंद पडली. कॅल्व्हिन बोरेल याने दोनच आठवड्यांपूर्वी माइन दॅट बर्डवर बसून डर्बी जिंकली होती, आणि तोच घोडा सोडून तो प्रीकनेसला रेचलवर बसला. दोन्ही घोड्यांवर बसलेला माणूस स्वेच्छेने एकाची निवड करतो, तेव्हा ती निवड दहा तज्ज्ञांच्या भाकितांहून अधिक विश्वसनीय समजावी.

जमिनीचा प्रश्न आपल्याकडील वाचकाला प्रथम चमत्कारिक वाटेल, कारण महालक्ष्मीला आणि पुण्याला घोडे हिरवळीवर धावतात. अमेरिकेत मुख्य शर्यती मातीवर होतात, काही हिरवळीवर, आणि त्या काळात कॅलिफोर्नियातील काही मैदानांवर कृत्रिम मिश्रणाची जमीन घातलेली होती. २००९ ची ब्रीडर्स कप ही वर्षअखेरची सर्वोच्च स्पर्धा सांता अनिता येथे अशाच कृत्रिम जमिनीवर व्हावयाची होती, आणि तशा जमिनीवर आपली घोडी उतरणार नाही असे जॅक्सन यांनी आधीच जाहीर केले. ते शब्दाला जागले. तेथे झेन्याटा या अपराजित घोडीने नरांना हरवून क्लासिक जिंकली, आणि तिच्या व रेचलच्या चाहत्यांत जो कलह पेटला तो वर्षाचा सर्वोत्तम घोडा निवडण्याच्या मतदानापर्यंत चालला. त्यात रेचलला १३० आणि झेन्याटाला ९९ मते मिळाली. मालकांच्या शब्दांपैकी कोणत्या शब्दावर भरवसा ठेवावा, याचा एक सोपा ठोकताळा यातून निघतो: घोडी अमुक ठिकाणी धावणार नाही असे मालक म्हणाला तर ते बहुधा खरे ठरते, ती धावणार असे म्हणाला तर ते तूर्त खरे असते.

दुसऱ्या प्रकारच्या शब्दाचे उदाहरण लगोलग पुढच्या वर्षी मिळाले. या दोन घोड्यांची गाठ पडावी म्हणून आर्कान्सा संस्थानातील ओकलॉन मैदानाने अ‍ॅपल ब्लॉसम शर्यतीची रक्कम पाच लाखांवरून पन्नास लाख डॉलरांवर नेण्याची तयारी दाखवली, अट एवढीच की दोघीही उतरल्या पाहिजेत. रेचलला तयारीला अवसर मिळावा म्हणून तारीख पुढे ढकलून ९ एप्रिल २०१० ठरवण्यात आली, आणि देशभर उत्साहाचे वातावरण पसरले. पण याद्या झाल्या म्हणजे लग्न लागले असे होत नाही. वहीतील शेवटचा रकाना पाहिला तर रेचलचा मागचा सामना ५ सप्टेंबरचा होता आणि त्यानंतरची पहिली धाव १३ मार्चला, म्हणजे १८९ दिवसांनी, न्यू ऑर्लिन्समध्ये ठेवलेली होती. त्या धावेनंतर ओकलॉनला केवळ २७ दिवस उरत होते. सहा महिन्यांच्या खंडानंतरच्या पहिल्याच धावेत घोडी पूर्ण तयारीत असणे, आणि त्यानंतर चार आठवड्यांच्या आत तिने आयुष्यातील सर्वांत कठीण सामना देणे, ही अपेक्षा तिच्या आजवरच्या शिरस्त्याला धरून नव्हती. १३ मार्चला झरडाना नावाच्या घोडीने तिला हरवले. गंमत अशी की झरडानाचा ट्रेनर जॉन शिरेफ्स हाच झेन्याटाचाही ट्रेनर होता. रेचलला ओकलॉनमधून मागे घेण्यात आले, रक्कम पुन्हा पाच लाखांवर आली, झेन्याटाने ती शर्यत जिंकली, आणि त्या दोघींची भेट पुढे कधीच झाली नाही.

अशा प्रसंगी चाहते मालकाला भित्रा आणि ट्रेनरला नालायक ठरवून मोकळे होतात. मला ही वृत्ती समजते, पण ती पटत नाही. सहा महिने विश्रांती घेतलेल्या घोडीची तयारी सकाळच्या मेहनतीवरून ताडता येते, आणि मेहनतीच्या वेळा अमेरिकेत व आपल्याकडेही प्रसिद्ध होतात. त्या वाचताना किती सेकंदांत किती फर्लांग हे पाहण्यापेक्षा मेहनत किती नियमाने होते हे पाहावे. आठवड्याला एक अशा बेताने होणारी मेहनत मध्येच तुटली, किंवा ठरलेल्या दिवशी झालीच नाही, तर ताप, पायातली सूज, खुराची व्यथा, काही ना काही सबब असतेच, आणि ती जाहीर होण्यास पुष्कळदा पंधरवडा लागतो.

२०१० च्या मोसमात रेचल पाच वेळा धावली, दोनदा जिंकली आणि तीनदा दुसरी आली. ३० एप्रिलला अनरायव्हल्ड बेलने तिला डोक्याच्या अंतराने मागे टाकले, जूनमध्ये ती फ्लर द लीस ही शर्यत साडेदहा लेंग्थनी जिंकली, जुलैत न्यू जर्सीतील मनमथ मैदानावर पुन्हा जिंकली, आणि लोक म्हणू लागले की जुनी रेचल परतली. येथे अंतराचा रकाना कामास येतो. या घोडीचे सर्व मोठे विजय नऊ ते साडेनऊ फर्लांगांतले होते; दहा फर्लांग ती कधीही धावलेली नव्हती. २९ ऑगस्टची सॅराटोगा येथील पर्सनल एन्साइन शर्यत दहा फर्लांगांची होती. तीत लाइफ अ‍ॅट टेन या घोडीशी आघाडीसाठी तिची झटापट झाली, शेवटच्या फर्लांगात तिची चाल मंदावली, आणि जिच्यावर फारसे कोणी पैसे लावले नव्हते त्या पर्सिस्टंटलीने तिला एका लेंग्थने हरवले. नव्या अंतराचा मामला आला की आधीच्या विजयांचे वजन थोडे कमी धरावे, मग घोडी कितीही प्रिय असो. आणि आघाडीला धावणाऱ्या घोडीच्या बाबतीत तर तिच्यासारखीच आघाडीची हौस असलेली दुसरी कोणी मैदानात आहे का, हे रेसबुकात आधी पाहावे. पर्सनल एन्साइन ही रेचलची अखेरची शर्यत ठरली. २८ सप्टेंबरला तिच्या निवृत्तीची घोषणा झाली.

आपल्याकडील मोसमाला हीच रीत थोड्या फरकाने लावता येते. महालक्ष्मीचा मोसम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत आणि पुण्याचा पावसाळ्यात. गुणी फिलीची पारख बहुधा पुण्यात होते आणि परीक्षा मुंबईत. डिसेंबरात फिलींची इंडियन वन थाउजंड गिनीज १६०० मीटरांवर, पुढे इंडियन ओक्स २४०० मीटरांवर, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी त्याच अंतराची इंडियन डर्बी, तीत फिलीला नराहून दीड किलो वजन कमी. सर्व घोड्यांचे वय १ जानेवारीला एकदम वाढते, म्हणून डिसेंबरात तीन वर्षांची म्हणून धावलेली फिली फेब्रुवारीत चार वर्षांची म्हणून धावते. नवख्या वाचकाचा येथे हमखास गोंधळ उडतो. गिनीज सहज जिंकलेली फिली २४०० मीटर टिकेल काय, आणि ओक्समध्ये थकलेली फिली डर्बीला सावरेल काय, हे दोन प्रश्न दर हिवाळ्यात पडतात, आणि दोन्हींची उत्तरे वंशावळ व दिवसांचा रकाना यांच्या संयोगातूनच शोधावी लागतात. फिलीने डर्बीत उतरणे हे धार्ष्ट्य आहे असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की १९४३ सालची पहिलीच डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या फिलीने जिंकली होती.

परदेशातील घोडीचा माग ठेवणाऱ्याने तारखांच्या बाबतीत सावध असावे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला सुटणारी शर्यत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला पडते, तेव्हा वहीत तारीख तेथलीच लिहावी, नाहीतर दिवसांचा हिशेब एकाने चुकतो. न्यू जर्सीतील आपल्या मराठी बांधवांना ही अडचण नाही. ज्या मनमथ मैदानावर रेचलने हॅस्केल जिंकली ते एडिसनपासून मोटारीने जवळच आहे, आणि उन्हाळ्यात तेथे सहकुटुंब जाण्यास काहीच हरकत नाही. पैज लावण्याविषयी एकच सांगतो. लोकप्रिय फिलीचा भाव नेहमी तिच्या योग्यतेपेक्षा कमी मिळतो, कारण तिच्यावर तिकिटे काढणाऱ्यांत निम्मे केवळ स्मरण म्हणून तिकीट जवळ ठेवणारे असतात; त्यांच्या पंक्तीला बसायचे तर दोन डॉलरांचे एक तिकीट पुरे.

निवृत्तीनंतर पुष्कळजण वही मिटतात. मिटू नये, कारण घोडीच्या कारकीर्दीचा दुसरा भाग तबेल्यातून कुरणात गेल्यावर सुरू होतो, आणि तेथेही बेत आखले जातात. जॅक्सन यांनी रेचलसाठी कर्लिन हा आपलाच घोडा निवडला, जो २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकेचा सर्वोत्तम घोडा ठरला होता. जॅक्सन एप्रिल २०११ मध्ये वारले. २२ जानेवारी २०१२ रोजी जन्मलेल्या शिंगराला त्यांच्या आठवणीसाठी जेसेस ड्रीम हे नाव मिळाले. तो सॅराटोगाला एकच शर्यत धावला आणि ती जिंकला. १२ फेब्रुवारी २०१३ रोजी बर्नार्डिनीपासून रेचल्स व्हॅलेंटिना ही फिली झाली. त्या प्रसूतीनंतर रेचलच्या आतड्यावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली, आणि तिला पुन्हा संततीसाठी घोड्याकडे नेण्यात आले नाही. व्हॅलेंटिनाने २०१५ साली सॅराटोगाला स्पिनअवे ही पहिल्या दर्जाची शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी ब्रीडर्स कपात साँगबर्डच्या मागे दुसरी आली. खुद्द रेचलला २०१६ साली अमेरिकेच्या घोडदौडीच्या सन्मानदालनात स्थान मिळाले. मादीच्या बाजूने घराणे पुढे चालले तर ते या लेकीकडून चालेल. तेव्हा केंटकीतील शिंगरांच्या विक्रीच्या याद्या आणि तेथील रेसबुके चाळताना घोड्याच्या नावाआधी आईच्या नावाचा रकाना पाहावा, आणि तेथे व्हॅलेंटिनाचे नाव दिसले तर वहीत नवे पान उघडून पहिल्या धावेची तारीख, मैदान, अंतर आणि जमीन लिहून घ्यावी.